सातव्या चालीखालची ओळ

“नाव हवंय ना तुम्हाला पत्रकावर? मग तसं सरळ सांगा की, वन्सं. कागद कशाला अडवून धरता?”

वहिनी रागावली की आत्याला वन्सं म्हणायची आणि ‘तुम्ही’वर यायची. एरवी नुसतं ‘अगं’ चालायचं. आज सकाळपासून वन्संचा हा चौथा प्रयोग होता.

“नाव नकोय मला,” आत्या म्हणाली. ती जेवणाच्या टेबलाशी मटारच्या शेंगा सोलत बसली होती आणि मान वर करत नव्हती.

“मग काय हवंय?” भाचा म्हणाला. तो बापाची सगळी कामं बघायचा. वादक ठरवणं, तारखा घेणं, फोनवर गोड बोलणं हाच त्याचा व्यवसाय. “आज मंगळवार. गुरुवारी सकाळी नऊला अकरा वादक तालमीला येऊन बसणार. सहा गाण्यांचे कागद तयार आहेत, सातव्याचा पत्ता नाही. बाबांनी चाल देऊन बारा दिवस झाले, आत्या. तुला एका गाण्याला दोन दिवस पुरतात.”

“सुचत नाहीये.”

“तुला? पन्नास वर्षांत पहिल्यांदा ऐकतोय.”

“पन्नास वर्षं होतास कुठे तू ऐकायला? चाळिशी तर परवा झाली.”

भाच्याला हसू आलं, पण वहिनीला आलं नाही. तिने ओट्यावरचं फडकं पिळून तोटीवर असं काही टाकलं की त्याचा आवाज झाला. “एकाहत्तराव्या वर्षी माणूस चार महिन्यांत सात चाली करतो,” ती म्हणाली. “या वयाचे लोक बागेतल्या बाकावर बसून एकमेकांना गोळ्यांची नावं सांगतात. आणि आमच्याकडे घरातल्याच माणसाला ते बघवत नाही. पाठची बहीण म्हणे!”

आत्याने एक शेंग उघडली. आत दाणे नव्हते, तरी ती अंगठा फिरवत राहिली.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि दादा बाहेर आला. चष्मा कपाळावर, शर्टाचं एक बटण वरच्या घरात. “माझी चाल झाली का गं, बुटके?” त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ती चाल गुणगुणायला लागला. बोटांनी खुर्चीच्या पाठीवर ताल धरला. वहिनीचा चेहरा एकदम मऊ झाला. तिने पुढे होऊन त्याचं बटण नीट लावलं आणि आत्याकडे बघितलं. बघा, असं ते बघणं होतं.

आत्या बघत नव्हती, ऐकत होती. ही चाल तिला पाठ होती. दादाने ती बांधली होती चौतीस वर्षांपूर्वी, एका नाटकातल्या नावाड्याच्या गाण्यासाठी. ते नाटक एकोणीस प्रयोगांत बंद पडलं होतं. आणि ही फक्त सातव्या गाण्याची गोष्ट नव्हती. आधीच्या सहा गाण्यांची चालही हीच होती. सात गाण्यांची चाल एकच होती, आणि हे घरात फक्त आत्याला माहीत होतं.

*

आत्याला सगळे आत्याच म्हणत. वादक म्हणत, नाटकवाले म्हणत, वयाने तिच्याहून मोठा असलेला ट्रम्पेटवालासुद्धा म्हणे. भाचा लहान असताना तालमींना यायचा आणि हाका मारत सुटायचा, तेव्हापासून ते चिकटलं. आता ती सहासष्ट वर्षांची होती. अंगाने लहानखुरी, चालताना जरा डावीकडे कललेली. दादा म्हणायचा, डाव्या हाताने जन्मभर वजन उचललंय ना, म्हणून.

त्यांचे वडील पियानो जुळवणारे. घरोघरी जाऊन तारा पिळायचे. घरात एक पियानो होता, गिऱ्हाइकाने सोडून दिलेला, डाव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी असलेला. दादा उजव्या बाजूला बसायचा, कारण तो मोठा होता आणि चाली उजवीकडे असतात. डावीकडची जागा उरली ती हिची.

पण बेस, म्हणजे चालीखाली चालणारी खर्जाची ओळ, लिहायला ती शिकली ती पियानोवर नाही, नकलांच्या दुकानात. त्या काळी वाद्यवृंदाचं संगीत हाताने नकलून घ्यावं लागे. एका तळघरात उतरत्या पाटाची सहा मेजं, प्रत्येकावर पाच रेघा एकदम ओढणारी पाच टोकांची लेखणी, आणि संगीताची मूळ प्रत पुढ्यात. तिच्यातून एकेका वाद्याची ओळ वेगळी उतरवून काढायची. एकोणिसाव्या वर्षी ती तिथे लागली. नव्या माणसाला मालक पहिलं वर्षभर बेसचे कागद द्यायचे. त्यात सूर थोडे, विश्रांतीच्या खुणा जास्त, आणि चुकलं तरी कोणाला कळत नाही असा त्यांचा समज.

हिला तीन वर्षं बेसच दिले, कारण ही तक्रार करायची नाही. त्या तीन वर्षांत तिने एवढे बेस उतरवले की दुकानातून घरी येताना वरची गाणी तिला ऐकूच येत नसत. ऐकू यायची ती खालची वाटचाल. कुठे दोन पायऱ्या उतरला, कुठे अडखळला, कुठे मुद्दाम थांबून राहिला. एकदा तिने एक सूर एका रेघेने खाली लिहिला. तालमीत गाणं खटकलं, तेव्हा अर्धा तास सगळ्यांनी व्हायोलिनं तपासली, मग बासरी तपासली, मग गाणारीला रडवलं. बेसच्या कागदाकडे कोणी बघितलंच नाही. खाली चुकलं तरी लोक वर शोधतात, हे तिला बाविसाव्या वर्षी कळलं.

मधे लग्न झालं. चार वर्षांनी ती दोन पिशव्या घेऊन परत आली. का आली ते तिने सांगितलं नाही आणि आईने विचारलं नाही. तोवर दादाला कामं मिळायला लागली होती आणि कागदावर उतरवणारं माणूस हवंच होतं. तो गुणगुणायचा, ही लिहायची. पुढे नुसतं लिहून भागेना. चालीखाली कॉर्ड कोणते, म्हणजे एकदम दाबायचे सूर कोणते, बेस कुठून कुठे जाणार, हे सगळं तिच्याकडेच आलं. तिची रीत उलटी होती. बाकीचे आधी कॉर्ड ठरवतात आणि त्यातला सगळ्यांत खालचा सूर बेसला देतात. ही आधी चाल म्हणत म्हणत बेसची ओळ लिहायची, पेन्सिलने, एका दमात. कॉर्ड सगळ्यात शेवटी. वरचं माणूस आणि खालचं माणूस ठरलं की मधले कोण ते आपोआप कळतं, असं ती म्हणायची.

दादा मग रबर घेऊन बसायचा. “किती चालवतेस गं त्याला! बसव की जरा. लोक माझी चाल ऐकायला आलेत, तुझा बेस फिरायला निघालेला बघायला नाही.” घरात ती थट्टाच झाली होती. कोणी जेवणानंतर चप्पल घातली की भाचा विचारायचा, काय, आत्याचा बेस का? दादा दहातले सहा सूर खोडायचा. ती पियानोवर पडलेला रबराचा चुरा तळहाताने गोळा करायची आणि टोपलीत टाकायची.

पत्रकावर ‘संगीत’ म्हणून दादाचं नाव. तिचं कधी ‘साहाय्य’मध्ये, वादकांच्या यादीच्या खाली, तर बहुतेक वेळा नाहीच. चाळिशीत तिला त्याचं फार लागलं होतं. एकदा तर ती आठवडाभर पियानोकडे फिरकली नव्हती. मग सवय झाली. सवयीला लोक समजूतदारपणा म्हणतात.

*

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी नाटकवाले घरी आले. नवं नाटक, सात गाणी. दादाला दोन वर्षं काम नव्हतं. वहिनीने त्या दिवशी नवे पडदे लावले.

पंधरा दिवसांनी दादाने पहिली चाल आणली. शब्द नवे, त्यामुळे सूर कुठे लांबत, कुठे तुटत होते. पण तिसऱ्या ओळीच्या आत आत्याने ओळखलं. “ही आपली जुनीच की रे. नावाड्याची.”

दादा थांबला. “कुठली जुनी? काल रात्री केली मी.”

तिला वाटलं तो गंमत करतोय. मग त्याचा चेहरा दिसला. चोरी करताना पकडलेल्या माणसाचा चेहरा ती ओळखत होती. जुना माल नव्या कागदात बांधून देणारे संगीतकार तिने चिकार बघितले होते. हा चेहरा तसा नव्हता. अनोळखी गल्लीत वळलेला माणूस क्षणभर दिसतो तसा तो दिसत होता.

“तसं वाटलं मला,” ती म्हणाली. “म्हण पुन्हा.”

दादा आयुष्यभरच विसरभोळा. छत्र्या विसरायचा, वाढदिवस विसरायचा, एकदा भाच्याला तालमीच्या हॉलवर विसरून घरी आला होता. वहिनी चाळीस वर्षं त्याचे मोजे शोधत होती. त्यामुळे घरात कोणाला काही वेगळं दिसलं नाही. पूर्वी आठवड्यात एकदा हरवणारा चष्मा आता दिवसातून तीनदा हरवत होता, एवढंच.

त्या दुपारी आत्याने बेस लिहायला घेतला आणि लिहिता लिहिता चाल लपवली. ते कसं करतात हे सांगायला हवं. वर एकच सूर घ्या, समजा पियानोवरचा ई. त्याच्याखाली बेसला सी द्या, सीचा कॉर्ड भरा. तो सूर पाय पसरून घरात बसल्यासारखा वाटतो. आता वर तोच ई धरून ठेवा आणि बेस एवर न्या, ए मायनर भरा. तोच माणूस उठून खिडकीशी जाऊन उभा राहिलाय. बेस एफवर न्या. आता तो निघालाय, पण उंबऱ्याशी थांबलाय. वरच्या सुराने काहीच केलेलं नसतं. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, केवढं काय झालं.

नावाड्याचं गाणं तीन मात्रांचं होतं, उजेडाचं, हलतं. आत्याने ते चार मात्रांत संथ केलं, उदास वाटणाऱ्या मायनरमध्ये उतरवलं, आणि खाली बेस एकेक पायरी उतरत जाणारा ठेवला. नाटकवाल्यांनी ऐकलं तेव्हा त्यांच्यातली एक बाई डोळे पुसत म्हणाली, दादा, इतकं दुःखी तुम्ही कधीच लिहिलं नव्हतं. दादा खूश झाला.

महिन्याभराने दुसरी चाल आली. तीच. या वेळी तिने बेसला एकाच सुरावर उभं केलं आणि त्याच्या डोक्यावरचे कॉर्ड बदलत ठेवले. तिसरीही तीच. तिच्यात चाल खाली येताना बेस वर चढत होता आणि दोघं मधे एकमेकांना घासून जात होते. पाचव्या गाण्याला पहिली अख्खी ओळ बेसच नव्हता.

आणि तिला मजा येत होती. हे तिने कोणापाशी कबूल केलं नसतं. दादा शेजारी बसायचा, पण रबर हातात घ्यायचा नाही. ऐकायचा आणि म्हणायचा, “छान.” पूर्वीच्या दादाने तिला कधी छान म्हटलं नव्हतं. सहासष्टाव्या वर्षी तिचा बेस पहिल्यांदाच हवा तिथे जात होता, वाटलं तर थांबत होता, कोणी त्याला मागे ओढत नव्हतं. आयुष्यात इतकं चांगलं तिने लिहिलं नव्हतं, आणि ते तिला ठाऊक होतं. पेन्सिलीला टोक करताना ती स्वतःला सांगायची, दादाची अब्रू सांभाळतेय. ते खरंही होतं. पण तेवढंच खरं नव्हतं.

*

काल, सोमवारी, सहा गाण्यांची तालीम झाली. बंद पडलेल्या शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. मधल्या सुट्टीत आत्या कपबशी विसळायला मागच्या नळाशी गेली, तर तिच्यामागून व्हायोलिनवाली आली. छपन्न-सत्तावन्नची असेल. कमी बोलणारी.

“आत्या, एक विचारू? रागावू नका.”

“रागावण्यासारखं असेल तर रागावेन. विचारा.”

“नावाड्याच्या नाटकात मी होते. बावीस वर्षांची. एकोणीसच्या एकोणीस प्रयोग वाजवले.” तिने डाव्या हाताची बोटं हवेत धरली. “दुसऱ्या गाण्यापासून बोटं आपोआप जातायत. कागद बघायच्या आधी.”

आत्याने नळ बंद केला नाही.

“मला आधी वाटलं, मुद्दाम केलंय. अख्ख्या नाटकाखाली एकच चाल ठेवायची. करतात असं. म्हटलं काय सुंदर डोकं चालवलंय. मगाशी दादांना तसं म्हणाले, तर ते म्हणतात, कुठली एक चाल? आणि हसले. मग मला म्हणाले, तुम्ही नव्या का इथे? मधला काळ सोडला तरी बारा वर्षं वाजवतेय मी त्यांच्याकडे.”

“आणखी कोणाला कळलंय?”

“नाही. बेसवाला तर शपथ घेऊन सांगेल, सहा वेगळी गाणी आहेत. त्याच्या कागदावर आहेतच ना वेगळी.” ती जरा थांबली. “फार सुंदर लिहिलंयत तुम्ही. इतकं सुंदर की कोणाला कळणार नाही. म्हणून तर सांगावंसं वाटलं.”

आत्याने विसळलेली बशी पुन्हा नळाखाली धरली.

“माझ्या नवऱ्याचं असंच झालं. तो वाक्यं विसरायचा, मी पुरी करायचे. लोकांसमोर, पटकन, कोणाला कळायच्या आत. मला वाटायचं मी संसार करतेय. दोन वर्षांनी डॉक्टरकडे नेलं तेव्हा ते म्हणाले, बाई, इतके दिवस काय केलंत? आधी आणलं असतंत तर थोडा काळ तरी हातात राहिला असता.” तिने आत्याच्या हातातून बशी घेतली आणि पुसली. “थोडाच. पण राहिला असता. मग त्यालाच विचारता आलं असतं, तुझं काय करायचं ते.”

सुट्टी संपल्याची घंटा कोणीतरी चमच्याने कपावर वाजवली. सगळे हसले. बेसवाला ओरडला, “आत्या, या, तुमच्या पोराला फिरायला नेतो!”

तालीम संपेपर्यंत आत्या सहाही गाणी ऐकत बसली. पहिल्यांदाच तिला खालची ओळ ऐकू आली नाही, फक्त वरची आली. सहा वेळा एकच माणूस एकाच दारावर येऊन तीच हाक मारत होता, आणि दर वेळी तिने घराला नवा रंग देऊन ठेवला होता.

*

भांडणानंतर दुपारी भाचा बाहेर गेला. वहिनी गुडघ्यांना शेकायची पिशवी लावून आडवी झाली. चारच्या सुमाराला आत्या पियानोशी बसली. सातव्या चालीचा कागद पुढ्यात होता. वर दादाची ओळ, खाली पाच कोऱ्या रेघा.

अजून एक वाट होती, आणि दिवसभर ती तिच्याच भोवती घुटमळत होती. व्हायोलिनवालीला वाटलं तेच सगळ्यांना सांगायचं. मुद्दाम केलंय, एका चालीची सात गाणी. लोक वाहवा करतील. गुरुवार निघेल, नाटक निघेल. पण मग आठवी?

“झाली का?” दादा येऊन उजवीकडे बसला. अजूनही त्याची तीच बाजू.

“चल, मिळून वाजवू,” ती म्हणाली.

तो उजव्या हाताने चाल वाजवायला लागला. तिने डाव्या हाताने काही नवं शोधलं नाही. चौतीस वर्षांपूर्वीचा बेस लावला. तीन मात्रांचा, साधा, दादानेच खोडून खोडून उरलेला. तिला बघायचं होतं.

दुसऱ्या ओळीवर दादाचा हात बदलला. नाटकवाल्यांचे नवे शब्द गळून पडले. सूर मोकळे झाले, तीन मात्रांत हलायला लागले. तो कडव्यात शिरला. ते कडवं त्याने या चार महिन्यांत एकदाही गुणगुणलं नव्हतं. त्याच्यानंतर वल्ह्यांचा तुकडा, तोही जसाच्या तसा. तो पुटपुटत नावाड्याचे शब्दसुद्धा म्हणत होता, आणि एकही चुकत नव्हता. पाठ ताठ झाली होती. पडद्याआडून हाताने गाणाऱ्याला खूण करायची त्याची सवय होती, ती खूणसुद्धा त्याने मधेच डाव्या हाताने केली, समोरच्या भिंतीला. आत्याचा हात खाली चालत राहिला. गाणं शेवटपर्यंत गेलं आणि सीवर येऊन बसलं.

दादाने हात मांडीवर ठेवले.

“सुरेख आहे,” तो म्हणाला. “कोणाचं गं हे?”

आत्या त्याच्याकडे वळली. “तुला काय वाटतं?”

“ऐकलंय कुठेतरी. माणसाला येतं हं. उगाच नाही बांधलेलं.” तो विचारात पडला. मग त्याने समोरचा कागद बघितला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळ बोट ठेवून वाचली. एकदा वाचली. पुन्हा वाचली.

“बुटके,” तो हळू आवाजात म्हणाला, “ही तीच आहे.”

“हो.”

“मग ही आपल्याला नाही घेता येणार. दुसऱ्याची चाल आहे, चोरी होईल ती. त्या माणसाला काय वाटेल?” तो खरोखर घाबरला होता. पन्नास वर्षांत त्याने कोणाचा एक सूर उचलला नव्हता आणि तो अभिमान त्याने घरात चांगलाच मिरवला होता. “तू सांगितलं का नाहीस मला? तुला तर सगळं आठवतं. तू माझ्या खाली बसतेस ते कशासाठी?”

त्याच्या शर्टाच्या बाहीवर पेन्सिलीचा डाग होता, तिच्याच कागदावरून लागलेला. तिने तो बोटाने पुसायचा प्रयत्न केला. तो पसरला.

“चुकलं माझं,” ती म्हणाली.

“चुकलंच,” दादा म्हणाला. जरा वेळाने त्याने विचारलं, “चहा झाला का आपला?”

झाला होता. तिने पुन्हा केला.

दादा चहा पीत असताना ती फोन घेऊन आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दोन फोन केले. पहिला लांबला. पलीकडचा माणूस आधी समजुतीने बोलला, मग चिडला, मग म्हणाला, अहो पण आत्या, दादांचं नाव छापून आलंय. ती म्हणाली, माहीत आहे. दुसरा फोन दोन मिनिटांत झाला. तिकडच्या मुलीने फक्त रुग्णाचं वय विचारलं आणि किती दिवसांपासून. आत्या म्हणाली, चार महिने. मग म्हणाली, चार महिने मला माहीत आहे.

*

साडेसातला सगळे जेवायला बसले. मटारची भाजी जरा लागली होती. आत्याच्या हातून ती पहिल्यांदाच लागली होती, पण सकाळचं भांडण ताजं असल्यामुळे वहिनीने काही म्हटलं नाही. भाचा एका हाताने जेवत दुसऱ्या हाताने फोनवर वादकांना गुरुवारचा पत्ता पाठवत होता.

“तो फोन ठेव,” आत्या म्हणाली.

“एक मिनिट.”

“ठेव. पाठवू नकोस कोणाला काही. गुरुवारचं होणार नाही. नाटकवाल्यांना मी संध्याकाळी सांगितलंय.”

भाच्याचा हात थांबला. “काय सांगितलंस?”

“सातही गाण्यांची चाल एकच आहे. चौतीस वर्षांपूर्वीची, नावाड्याची. दादाला ती नवी वाटते. दर वेळी नवी वाटते. मी खालचं बदलून बदलून देत होते, म्हणून तुम्हाला कोणाला कळलं नाही.”

वहिनीने दादाकडे बघितलं. तो भाजीतला जळका तुकडा ताटाच्या कडेला सारत होता.

“काहीतरीच काय,” वहिनी म्हणाली. मग तिचा आवाज चढला. “आणि हे तुम्ही याच्यासमोर बोलता, वन्सं? लाज नाही वाटत?”

“चार महिने त्याच्यामागे केलं, वहिनी. आता त्याच्यासमोर. दादा, तू पण ऐक.”

“ऐकतोय,” दादा म्हणाला.

“अगं पण आत्या, कोणालाच कळलं नाहीये ना?” भाचा पुढे झुकला. आवाज खाली आणून, फोनवर बोलायचा तसा गोड, तो म्हणाला, “मग राहू दे की. एवढं एक नाटक निघू दे. तू लिही सातवं. मग बघू.”

“मी लिहिणार नाही. सातवं नाही आणि पुढचंही नाही. दादाच्या चालीखाली आजपासून मी काही लिहिणार नाही. त्या सहांचे कागद सकाळी मी परत आणणार आहे. उद्या साडेदहाची डॉक्टरांची वेळ घेतलीय. मी दादाला घेऊन जातेय. वहिनी, तुम्ही येणार असाल तर दहाला तयार राहा.”